पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत: महायुद्धातला घरचा शिपाई कसा शोधायचा

घरात कुणीतरी म्हातारं माणूस सांगतं की आपले पणजोबा जर्मनच्या लढाईत होते, बसऱ्याला (आजच्या इराकात) गेले, मग सरकारचं पत्र आलं आणि संपलं. फोटो नाही, कागद नाही, पलटण कोणती ते कुणाला माहीत नाही. मग नातवंड-पतवंड कुणीतरी गूगलवर आडनाव टाकतं, काही येत नाही आणि विषय तिथंच राहतो. आडनाव टाकून काही येणारच नाही, कारण फौजेच्या लेखी माणूस म्हणजे नंबर, हुद्दा आणि पलटण, नाव त्यानंतर. या तीनपैकी दोन गोष्टी हाताला लागल्या तर बाकीचं बरंच आपोआप उलगडतं आणि एकही लागली नाही तर गावातली सगळी मिळून पण फक्त अंदाजच बांधत बसतील. म्हणून खालचा सगळा खटाटोप आधी त्या नंबरासाठी आहे, शौर्यकथा नंतर.

आधी युद्ध कोणतं ते नक्की करा

ऐकायला सोपं वाटतं पण इथंच जास्त गोंधळ होतो. जुनी माणसं दोन्ही युद्धांना जर्मनची लढाईच म्हणायची. त्यामुळे पिढी मोजा. जन्म १८८०-१९०० च्या आसपासचा असेल तर पहिलं (१९१४-१८), १९१० नंतरचा असेल तर दुसरं (१९३९-४५). जन्मसाल कुणालाच माहीत नसतं, ठीक आहे, मोठ्या मुलाचा शाळेचा दाखला काढा, त्यावरून मागे जाता येतं. तहसीलला जुना गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक असेल तर त्यात मुलांच्या जन्माच्या नोंदी असतात, बऱ्याचदा मोडीत, वाचणारा शोधावा लागतो. कुणबी नोंदींच्या निमित्तानं आता मोडी वाचणारे बऱ्याच तालुक्यांत सापडतात, तेवढा एक फायदा झालाय.

आणि घरच्यांना गावांची नावं विचारा, लढाईची नको. फ्रान्स, बसरा, बगदाद, कुट ही नावं आली तर बहुधा पहिलं. केरेन, टोब्रुक, इटली, बर्मा, इंफाळ आलं तर दुसरं. फक्त बसरा एकट्यानं धरू नका, कारण एप्रिल १९४१ मध्येही हिंदी फौज बसऱ्याला उतरली होती, त्यामुळे दुसऱ्या युद्धातलेही बरेच जण बसऱ्याच्या गोष्टी सांगत परत आलेत.

पत्र्याची पेटी उघडा

मेडल असेल तर निम्मं काम झालं समजा. पहिल्या युद्धाची तीन मेडलं ओळखायला सोपी आहेत. एक चांदीचं गोल, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस, हे ब्रिटिश वॉर मेडल. दुसरं पिवळसर, पंख असलेली बाई उभी आणि मागे इंग्रजीत महायुद्ध आणि १९१४-१९१९ असं कोरलेलं, हे व्हिक्टरी मेडल, त्याची फीत इंद्रधनुष्यासारखी सात रंगांची असायची. तिसरं तारा, चपटा, मध्ये १९१४-१५. हे सगळ्यांना नाही मिळालं, फक्त १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचलेल्यांना, म्हणजे तारा असेल तर माणूस पहिल्या खेपेत गेलेला आहे ही माहिती फुकटात मिळाली. ब्रिटिश वॉर मेडल काशाचं असेल तर बहुतेक ते लेबर कोर किंवा खच्चर-डोली-रसद अशा फॉलोअर लोकांचं, त्यांना चांदीचं द्यायची सरकारची तयारी नव्हती.

आता मेडलची कड बघा. हो, कड, नाण्याची असते तशी. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेलं असतं. ताऱ्यावर हेच मागच्या सपाट बाजूला असतं. खिडकीजवळ बसून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड अगदी आडवा टाका, वरून नको, म्हणजे अक्षरांची सावली पडते, आणि मग कड फिरवत फिरवत पाच-सहा फोटो काढा. पितांबरी लावून घासायचा मोह आवरा. चांदी मऊ असते, दिवाळी-दसऱ्याला शंभर वर्षं पुसून पुसून काही मेडलांच्या कडा साफ गुळगुळीत झाल्यात आणि मग राजाचं डोकं चकाचक आणि आपल्या माणसाचा नंबर गायब. दुसऱ्या युद्धाच्या सहा टोकांच्या स्टारांवर (बर्मा स्टार, इटली स्टार, आफ्रिका स्टार) ब्रिटिश सैनिकांची नावं टाकली नव्हती पण हिंदी सैनिकांच्या मेडलांवर बऱ्याचदा नाव-नंबर सापडतो, त्यामुळे तीही उलटी करून बघाच.

काही घरांत तळहातापेक्षा मोठी काशाची गोल थाळी असते, साधारण १२ सेंटिमीटर, ब्रिटानिया आणि सिंह. ती फक्त युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवायचे. तिच्यावर नाव असतं पण हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, मरणात सगळे सारखे म्हणून. भावना चांगली पण शोधणाऱ्याची पंचाईत. तरी एक गोष्ट पक्की होते, माणूस युद्धकाळात गेला, आणि इंग्रजीत त्यांनी नाव कसं लिहिलं होतं ते स्पेलिंग तुमच्या हातात आलं. ते स्पेलिंग सोन्यासारखं जपा, पुढे लागणार आहे.

मेडल भंगारात गेलं असेल (पुष्कळ घरांत गेलंय, चांदीचं तर सराफाकडे) तर डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरची पावती, काहीही चालेल. शेतीच्या जुन्या फेरफारातही बघा, लष्करी नोकरीबद्दल जमीन मिळाली असेल तर तिची नोंद तिथं सापडू शकते. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन आपले अभिलेख या सरकारी साईटवर आलेत.

पलटणीचा नंबर वाचायचा कसा

पहिल्या युद्धात मराठा पलटणी सहा होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ ला सगळ्या फौजेची फेररचना झाली आणि या सहांची मिळून ५वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली (जंगी पलटण), १०५ ची दुसरी (काळी पाचवी), ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी म्हणजे रॉयल, आणि ११४ ची ट्रेनिंगची दहावी. म्हणून दुसऱ्या युद्धाच्या कागदावर ३/५ असं दिसलं तर तो तारखेचा घोळ नाही, ५व्या मराठाची तिसरी बटालियन आहे.

पण मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच असं धरून चालू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, १०७ पायोनियर्स, ग्रेनेडियर्स, खच्चर कंपन्या, डोलीवाले, सगळीकडे आपली माणसं होती. खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल गावात ४७ शीख या पलटणीबरोबर घुसल्या. मुळात हे पूल-रस्ते बांधणारे लोक, त्यांना तिथं पायदळासारखं वापरलं, घराघरातून मारामारी झाली आणि त्यांचे गोरे अधिकारी एकूण एक मेले किंवा जखमी झाले. युद्धाला तीन महिने पण झाले नव्हते. तर घरी कुणी फ्रान्स म्हणत असेल तर सॅपर्स आणि पायोनियर्स आधी तपासा.

महार समाजातल्या घरांसाठी वेगळं सांगायला हवं. इंग्रजांनी महारांची भरती १८९० च्या दशकात बंद केली होती, पहिल्या युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. त्यामुळे पणजोबा १९१७-२१ चे असतील तर १११ शोधा, आणि त्याआधीचे असतील तर फॉलोअर, लेबर कोर आणि इतर पलटणींत बघा.

आणि कोकणातली दर्यावर्दी घरं! रत्नागिरीकडचे खलाशी, त्यात कोकणी मुसलमान पुष्कळ, ही माणसं फौजेच्या यादीत कधीच सापडत नाहीत कारण ती व्यापारी जहाजांवर किंवा रॉयल इंडियन मरीनमध्ये होती. जहाज बुडालं, माणूस गेला, कबर नाहीच. पहिल्या युद्धातल्या अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे आणि दुसऱ्या युद्धातल्या साडेसहा हजारांच्या जवळपास नावांची यादीही तिथं ठेवलेली आहे. रोज हजारो माणसं शेजारच्या रस्त्यानं जातात, कुणाला पत्ता नसतो.

आता मुख्य काम: युद्धात मरण पावले असतील तर

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था, त्यांची साईट फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना मेलेले, गोळीनं असो की कॉलऱ्यानं, सगळे त्यात धरतात. त्यामुळे ते लढाईत नाही आजारानं गेले म्हणून शोध सोडू नका. मेसोपोटेमियात (आजचा इराक) ऊन, हगवण, कॉलरा यांनीच माणसं पटापट नेली.

शोधताना तीन युक्त्या.

पहिली, आडनावाच्या रकान्यात आडनाव टाकायची सवय सोडा. हिंदी शिपायांचं अख्खं नाव बऱ्याचदा त्या एकाच रकान्यात भरलंय, राम जाधव असं सलग. म्हणून नुसतं पहिलं नाव टाकून बघा, मग अख्खं टाका. स्पेलिंग साहेबाच्या कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. जाधवचं शेवटचं अक्षर व्ही, ओ, डब्ल्यू काहीही असू शकतं, मधला एच गायब असू शकतो, सावंतमध्ये व्ही की डब्ल्यू याचा भरवसा नाही, चव्हाणाचे तर पाच-सहा अवतार निघतात. रामचंद्रचा रामा, गणपतचा गणू, विठ्ठलचा विठू झालेला असतो. कागदावर वडिलांचं नाव आणि गाव जुळतंय का ते महत्त्वाचं, स्पेलिंग नव्हे.

दुसरी, अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जादा माहितीचा रकाना असतो, त्यात गाव किंवा तालुका टाका. पुष्कळ नोंदींमध्ये अमक्याचा मुलगा, अमुक गाव, खेड, रत्नागिरी अशी ओळ असते. नाव माहीत नसलं तरी या रस्त्यानं आख्ख्या तालुक्यातली माणसं बाहेर काढता येतात. जिल्ह्याच्या सीमा तेव्हाच्या आहेत हे मात्र लक्षात ठेवा, आजचा सिंधुदुर्ग म्हणजे तेव्हा रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान, आजचा रायगड म्हणजे कुलाबा.

तिसरी, सैन्य म्हणून इंडियन आर्मी निवडा, रेजिमेंट निवडा, तारखेचा टप्पा टाका आणि आलेली सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. मग घरी निवांत गाळत बसा. मोबाईलवर हे करू नका, डोळे फुटतात.

नोंद सापडली की मरणाची तारीख आणि पलटण एकत्र वाचा, त्यातच गोष्ट असते. १०३, ११० किंवा ११७ पैकी पलटण आणि तारीख २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ असेल तर ती बगदादच्या अलीकडची टेसिफॉनची लढाई, तिथला तो जुना कमानीचा वाडा अजून उभा आहे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ मधली तारीख असेल तर माणूस कुटच्या वेढ्यात गेला. पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तिथं १४७ दिवस कोंडली गेली होती. शेवटी शेवटी घोडे-खच्चरं कापून खायची वेळ आली, हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस नाकारलं आणि ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून स्कर्व्हीनं हिरड्या सुजून माणसं आडवी झाली. घरून निघालेला विशी-पंचविशीचा गडी गोळीनं नाही तर उपासानं गेला, हे नोंदीत लिहिलेलं नसतं, तारखेवरून आपण समजून घ्यायचं. साधारण १३ हजार लोक शरण गेले. आणि तारीख मे १९१६ नंतरची असून पलटण याच तिघांपैकी असेल तर कैदेतला मृत्यू ही शक्यता सगळ्यात आधी तपासा. तुर्कांनी या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि पुष्कळांना रास अल ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. जिनिव्हाच्या रेड क्रॉसनं पहिल्या युद्धातल्या कैद्यांच्या याद्या ऑनलाईन टाकल्यात, त्याही चाळा, पण नावांची वाट लागलेली आहे त्यामुळे धीर धरा.

१०५ असेल आणि १९१८ असेल तर पॅलेस्टाईन बघा. ११४ आणि ऑक्टोबर १९१८ चा शेवट असेल तर शरकात, मोसूलच्या खालचं, ११४ नं तिथं शौर्यपदकांची रास लावली आणि त्यानंतर लगेच तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाली. दुसऱ्या युद्धात फेब्रुवारी-मार्च १९४१ म्हणजे एरिट्रियातलं केरेन, २/५ आणि जून १९४२ असेल तर टोब्रुक (तिथं ही बटालियन पडली आणि उरलेले कैदी झाले), ४/५ आणि मार्च १९४४ म्हणजे मणिपुरातलं सांगशाक. १९४४-४५ आणि १/५, ३/५ किंवा ५/५ म्हणजे इटली. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते नाईक यशवंत घाडगे ३/५ चे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. संगमनेरकडच्या निमजचे नामदेव जाधव १/५ चे, ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या बांधावर त्यांना तोच क्रॉस मिळाला आणि ते जगून परत आले.

कबर शोधू नका

हे ऐकून लोकांना वाईट वाटतं पण सांगावंच लागतं. हिंदू शिपायांचं दहन व्हायचं, त्यामुळे नाव असलं तर दहन-स्मारकावर किंवा बेपत्तांच्या स्मारकावर असतं. इटलीत फोर्ली, सांग्रो, कॅसिनो, एरिट्रियात केरेन, बर्मात रंगूनजवळचं टॉक्यान. घाडग्यांचं नावसुद्धा कॅसिनोच्या स्मारकावर आहे, कबर नाही.

बसऱ्याचं प्रकरण आणखी कडू आहे. तिथल्या स्मारकात चाळीस हजारांवर माणसं धरलीत, पण भिंतीवर नावं कोरली ती ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची, साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा लिहिला. नावं रजिस्टरात होती, भिंतीवर आली नाहीत. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला. त्यामुळे पणजोबा बसऱ्याला गेले असतील तर त्यांचं नाव भिंतीवर नाही पण साईटवर बहुतेक सापडेल. ते स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७ मध्ये उचलून नासिरियाच्या वाटेवर नेऊन उभं केलं.

पुण्यातले बरेच जण मोठ्या आशेनं खडकीच्या वॉर सिमेट्रीत जातात. जा, जागा फार छान राखलीय, पण तिथली नावं मुख्यतः गोऱ्या सैनिकांची आहेत.

त्यापेक्षा गावातली पाटी शोधा. चावडीच्या, शाळेच्या, देवळाच्या भिंतीत संगमरवराचा छोटा दगड, इंग्रजीत: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत. नावं नसतात, फक्त दोन आकडे. साताऱ्याजवळचं आपशिंगे तर मिलिटरी आपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं, तिथले ४६ जण पहिल्या युद्धात कामी आले आणि गावात त्यांचा स्तंभ आहे. तुमच्या गावच्या पाटीवर ऑइलपेंट मारलेला असेल तर तारेच्या ब्रशनं खरवडू नका, ॲसिड तर अजिबात नको, संध्याकाळी तोच आडव्या टॉर्चचा उपाय करा. पाटीवरचा आकडा आणि साईटवरून काढलेली गावाची यादी जुळवून बघा, कमी पडतील ती नावं चुकीच्या स्पेलिंगखाली कुठंतरी पडलेली असतात.

जिवंत परत आले असतील तर

काम अवघड होतं, कारण वॉर ग्रेव्हजवाले फक्त मेलेल्यांची नोंद ठेवतात. पंजाबची पहिल्या युद्धातली गाववार रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममधून निघून ऑनलाईन आली, तीन लाखांवर नावं. आपल्याकडे मुंबई इलाख्याचं तसं काही हाताशी नाही, तेव्हा पंजाबी मित्राला पाच मिनिटांत सापडलं म्हणून जळू नका.

नंबर आणि पलटण हातात असेल तर रेजिमेंटच्या सेंटरला साधं पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. शीट रोल किंवा लाँग रोल (शिपायाच्या नोकरीच्या नोंदीचे कागद) आहे का असं विचारा, हे शब्द तिथल्या कारकुनाला लगेच कळतात. दुसऱ्या युद्धातले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. सुभेदार-जमादार झाले असतील तर नशीब, त्यांची नावं इंडियन आर्मी लिस्टमध्ये छापलेली असतात आणि स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीनं त्यातले कित्येक अंक फुकट टाकलेत.

माणूस नाही तरी पलटण रोज काय करत होती ते मिळतं. लंडनच्या क्यू इथल्या अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या क्रमांकाखाली वॉर डायऱ्या आहेत. शिपायाचं नाव त्यात क्वचितच येतं, पण सकाळी सात वाजता पाऊस, खंदकात गुडघाभर पाणी, चार जखमी, एवढं असतं आणि तारीख तुमच्याकडे असेल तर ते चार जखमी कोण हे कधी कधी कळतं.

एक सावधगिरी. पणजोबांची थकलेली पेन्शन, लंडनहून भरपाई, जमिनीचा हक्क काढून देतो असं सांगून कुणी पाच-दहा हजार मागायला लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा. वर सांगितलेली बहुतेक कामं फुकट किंवा टपालखर्चात होतात. आणि नोंदीत गाव किंवा नाव चुकलेलं दिसलं तर कमिशनच्या साईटवरूनच दुरुस्तीची विनंती करता येते, मेडलच्या कडेचा फोटो, थाळीचा फोटो, जुना कागद असेल तर त्याचा स्कॅन जोडा, मूळ वस्तू कुणाच्याही हातात देऊ नका.